हद्द हरवलेली हार्ड डिस्क : लिनक्सवर पार्टिशन आणि भूमितीचे बिघाड कसे शोधावेत

हार्ड डिस्कवरील पार्टिशन दिसेनासे होणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन निराळ्या घटना आहेत. परंतु व्यवहारात पहिली घडताच दुसरीही घडली असे धरून चालले जाते आणि ‘डिस्क उडाली, फॉरमॅट मारून घ्या’ एवढे सांगून विषय संपवला जातो. इंदापूर आणि बारामती या तालुक्यांत संगणक दूध संकलन केंद्रापासून लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओपर्यंत सर्वत्र पोचला आहे, पुष्कळ ठिकाणी तो जुन्या डिस्कवर चालतो, आणि वीज जाण्याला वेळकाळ नसल्याने कोणताही बिघाड विजेच्या खात्यावर टाकण्याची सवय पडली आहे. वास्तविक वीज गेल्याने बिघडते ती बहुधा फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची नावे, त्यांच्या जागा आणि आकार यांचा हिशेब ठेवणारी रचना. पार्टिशनचा तक्ता रोजच्या कामात कधीच लिहिला जात नाही; तो लिहिला जातो तो नवी प्रणाली बसवताना, एका डिस्कची नक्कल दुसरीवर करताना किंवा कोणी पार्टिशनचे साधन उघडून बसले असताना. म्हणून तक्ता बिघडलेला आढळला की, ज्या सेक्टरवर तो लिहिलेला आहे तो सेक्टरच खराब झालेला नसेल तर, अलीकडे त्या डिस्कला कोणाचा हात लागला होता याची चौकशी आधी करावी. निम्मे निदान त्या उत्तरातच असते.

हा तक्ता आकाराने अगदी लहान असतो. जुन्या पद्धतीत, जिला एमबीआर म्हणतात, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी राखलेले असतात; प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी एवढीच त्याची मर्यादा. पाचशे गिगाबाइटांची डिस्क ‘रिकामी’ दिसू लागते ती या ६४ बाइटांतील चुकीमुळे. जमिनीच्या मोजणीशी ही गोष्ट ताडून पाहण्यास इंदापूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल, कारण मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणीपद्धती आकाराला आली ती याच तालुक्यात. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली आधीची गुंतागुंतीची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५ मध्ये येथे नव्याने काम हाती घेतले आणि १८३६ मध्ये तीस वर्षांची आकारणी ठरवली. मोजलेल्या शेताची हद्द दोन ठिकाणी असते, एक कागदावर आणि दुसरी प्रत्यक्ष जमिनीवरील बांधांत व दगडांत. कागद गहाळ झाला तर खुणा पाहून तो पुन्हा तयार करता येतो, परंतु कागद नाही म्हणून कोणी नांगर घालून बांधच मोडला तर दाद कोणाकडे मागायची? डिस्कवर पार्टिशन टेबल हा कागद होय. जमिनीवरची खूण म्हणजे फाइल सिस्टिमने स्वतःच्या आरंभी लिहून ठेवलेली आपली ओळख आणि आपला आकार, आणि नांगर म्हणजे फॉरमॅट.

पुढील विवेचनात आज्ञांची आणि साधनांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि सुडो जोडून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, द्यावी लागतात.

भूमिती म्हणजे काय आणि ती आज कितपत खरी

डिस्कच्या पेटीत एकाच आसावर बसवलेल्या चकत्या फिरत असतात आणि प्रत्येक पृष्ठभागावरून वाचन-लेखन करणारे एक हेड सरकत असते. पृष्ठभागावरील एककेंद्री वर्तुळाला ट्रॅक म्हणतात, सर्व पृष्ठभागांवरील समान त्रिज्येचे ट्रॅक मिळून सिलिंडर होतो, आणि ट्रॅकचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे सेक्टर. सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी डिस्कवरील कोणतीही जागा सांगण्याची जी जुनी रीत होती तिलाच डिस्कची भूमिती असे नाव पडले. एमबीआरच्या नोंदीत या पत्त्याला तीनच बाइट दिलेले आहेत. त्यांत सिलिंडरचा आकडा ० ते १०२३, हेडचा ० ते २५५ आणि सेक्टरचा १ ते ६३ यांपलीकडे जाऊ शकत नाही. बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणारा प्रोग्रॅम, व्यवहारात २५५ हेड मानत असल्याने या पद्धतीची झेप सुमारे ८.४ गिगाबाइटांवर संपते; त्याही आधीच्या काळात बायोसची आणि डिस्कची अशा दोन्ही मर्यादा एकत्र येऊन १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच वापरता येत आणि ५२८ मेगाबाइटांना अडथळा येई. लिनक्सच्या जुन्या पुस्तकांत ‘बूटचे पार्टिशन पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आतच ठेवावे’ असे जे बजावलेले आढळते त्याचे मूळ येथे आहे. आज तो नियम पाळण्याची गरज नाही.

आजच्या कोणत्याही डिस्कमध्ये २५५ हेड नसतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ते दोन-चारच असतात. शिवाय बाहेरच्या लांब ट्रॅकवर आतल्यापेक्षा अधिक सेक्टर बसवलेले असल्याने ‘प्रत्येक ट्रॅकवर ६३ सेक्टर’ हेही खरे नाही. म्हणजे २५५ हेड आणि ६३ सेक्टर ही भूमिती केवळ मानीव आहे, आणि तिच्या हिशेबाने येणारा १६,०६५ सेक्टरांचा सिलिंडरही मानीवच. डिस्क आता आपल्या सेक्टरांना शून्यापासून सलग क्रमांक देते, या क्रमांकपद्धतीला एलबीए म्हणतात, आणि एमबीआरच्या प्रत्येक नोंदीत भूमितीच्या पत्त्यासोबत हा आरंभक्रमांक आणि एकूण सेक्टरसंख्याही लिहिलेली असते. लिनक्स याच दोन आकड्यांवर विसंबते. त्यामुळे ‘पार्टिशन सिलिंडरच्या सीमेवर संपत नाही’ अशी सूचना एखाद्या जुन्या साधनाने दिली तर तिच्यामुळे घाबरून काहीही बदलू नये. ती सूचना दिसल्यावर केलेली ‘दुरुस्ती’ हीच पुष्कळदा खऱ्या बिघाडाची सुरुवात ठरते.

मात्र मानीव भूमिती पूर्णपणे निरुपद्रवी होती असेही नाही. मे २००४ मध्ये फेडोरा कोअर २ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातील २.६ मालिकेच्या कर्नेलने बायोसची भूमिती ताडण्याचे काम सोडून दिलेले होते. परिणामी तिच्या स्थापनेदरम्यान पार्टिशनच्या नोंदीत बायोसच्या समजुतीशी न जुळणारे हेडचे आकडे लिहिले गेले, आणि शेजारी असलेली विंडोज एक्सपी, जी सुरू होताना त्या आकड्यांवर विसंबत असे, अनेक संगणकांवर सुरूच होईना. माहिती सर्व जागेवर होती. उपाय होता तो बायोसमध्ये डिस्कसाठी एलबीए ही पद्धत निवडण्याचा, किंवा एसएफडिस्क या साधनाने तोच तक्ता २५५ हेड धरून पुन्हा लिहिण्याचा. जुन्या संगणकावर एक्सपी आणि लिनक्स शेजारी ठेवणाऱ्याला आजही ही अडचण येऊ शकते. नव्या यंत्रांवर भूमितीचे तीनच प्रश्न खऱ्या अर्थाने उरले आहेत, आणि ते म्हणजे सेक्टरचे माप, पार्टिशनची मांडणी व डिस्कने सांगितलेली क्षमता. त्यांचा विचार पुढे येईल.

प्रथम डिस्क जिवंत आहे का ते पाहावे

तक्ता दुरुस्त करण्यापूर्वी डिस्क यांत्रिकदृष्ट्या धड आहे की नाही हे ठरवावे लागते, कारण मरणाऱ्या डिस्कवर चालवलेले प्रत्येक शोधसाधन तिचे उरलेले आयुष्य खर्च करत असते. डीमेसेज ही आज्ञा कर्नेलने नोंदवलेले संदेश दाखवते; त्यांत वाचनातील त्रुटी पुनःपुन्हा दिसत असतील तर प्रश्न तक्त्याचा नाही. त्यानंतर स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचाव्यात. पाचव्या क्रमांकाची नोंद बदली दिलेल्या सेक्टरांची, १९७ क्रमांकाची वाचता न आल्याने निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांची आणि १९९ क्रमांकाची केबलवरून येताना बिघडलेल्या माहितीची संख्या सांगते. यांपैकी शेवटचीच संख्या वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी शंभर-दोनशे रुपयांची साटा केबल बदलून पाहावी. ही तपासणी इतकी स्वस्त असून सर्वांत जास्त टाळली जाते. डिस्कमधून टिकटिक किंवा खरडल्यासारखा आवाज येत असेल आणि आतील माहिती मोलाची असेल तर संगणक बंद करून डिस्क पुण्यातील माहिती-पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्यांकडे न्यावी. तेथून पुढे घरगुती उपायांचे क्षेत्र संपते.

डिस्क वाचता येत असेल तर पुढची पायरी तिची पूर्ण नक्कल करण्याची आहे. डीडीरेस्क्यू हे साधन त्यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड जागा मागे ठेवते आणि कोठवर काम झाले याची नोंद एका नकाशा-फाइलीत करत जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू करता येते. पहिल्या फेरीत खरडून वाचण्याचा टप्पा टाळणारा पर्याय द्यावा आणि दुसऱ्या फेरीत मोजके पुनःप्रयत्न करावेत. नक्कल ज्या डिस्कवर घ्यायची ती आकाराने मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी, आणि आज्ञेत मूळ व नक्कल यांची जागा उलटसुलट झाली तर सर्वस्व जाते हे ओळखून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक एलएसबीएलके या यादी देणाऱ्या आज्ञेने पडताळावेत. एसडीए आणि एसडीबी ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, अनुक्रमांक बदलत नाही. हे सर्व काम त्याच डिस्कवर बसवलेल्या लिनक्समधून न करता सिस्टिमरेस्क्यू किंवा जीपार्टेड लाइव्ह यांसारख्या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रणालीतून करावे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे : एक्स्ट४ प्रकारची फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी जोडली तरी ती आपले अपुरे राहिलेले लेखन जर्नलमधून पूर्ण करून घेते, म्हणजेच डिस्कवर लिहिते; ते टाळायचे असेल तर जोडताना नोलोड हा पर्याय द्यावा लागतो.

एका परिस्थितीत मात्र याच्या नेमके उलट वागावे लागते. चालू संगणकावर कोणी चुकून पार्टिशन पुसले आणि फाइली अद्याप उघडत असतील, तर संगणक कदापि बंद करू नये. कर्नेलच्या स्मृतीत जुना तक्ता तसाच असतो, आणि सिस या मार्गाखालील ब्लॉक या फोल्डरमध्ये त्या डिस्कच्या व पार्टिशनच्या नावाने असलेल्या फोल्डरात स्टार्ट आणि साइझ या दोन छोट्या फाइलींत पार्टिशनचा आरंभ व लांबी ५१२ बाइटांच्या एककात मिळते. हे दोन आकडे कागदावर उतरवून घेतले की नवा तक्ता लिहिणे हे पाच मिनिटांचे काम उरते. संगणक एकदा बंद केला की हे आकडे जातात आणि पुढे वर्णन केलेला लांबचा मार्ग धरावा लागतो.

खुणांवरून हद्द शोधणे

तक्ता गेला असेल तर प्रथम टेस्टडिस्क वापरावे. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले हे मुक्त साधन डिस्कभर हिंडून फाइल सिस्टिमच्या आरंभखुणा शोधते आणि त्यांवरून तक्ता सुचवते. जलद शोधात काही सापडले नाही तर सखोल शोध द्यावा. मोठ्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात. सापडलेल्या पार्टिशनवर पी ही कळ दाबली असता त्यातील फाइलींची यादी दिसते, आणि ओळखीची नावे दिसल्याखेरीज लिहिण्याचा पर्याय निवडू नये, कारण फार पूर्वी पुसलेल्या पार्टिशनच्या खुणाही डिस्कवर शिल्लक असतात आणि टेस्टडिस्क त्याही प्रामाणिकपणे दाखवते. ‘प्रत्येक सिलिंडरमागे हेडची संख्या अमुक आहे, परंतु योग्य संख्या तमुक असावी’ अशी सूचना त्याने दिली तर ती मात्र मानावी आणि त्याच्या भूमितीच्या यादीत तो आकडा बदलून शोध पुन्हा चालवावा. जुन्या काळी वेगळ्या मानीव भूमितीत विभागलेल्या डिस्कवर यानेच गाठ सुटते.

साधन चुकले किंवा दोन उत्तरे देऊ लागले की गणित स्वतः करावे लागते, आणि ते दिसते तितके अवघड नाही. ५०० गिगाबाइटांच्या नेहमीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. नव्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर एक मेबीबाइटापासून, सुरू होते. ते डिस्कच्या शेवटच्या सेक्टरपर्यंत गेलेले आणि एक्स्ट४ प्रकारचे असेल तर त्याची लांबी ९७,६७,७१,१२० सेक्टर भरते. एक्स्ट४चा एक ब्लॉक ४०९६ बाइटांचा, म्हणजे आठ सेक्टरांचा असल्याने तिचे १२,२०,९६,३९० ब्लॉक होतात, आणि नेमका हाच आकडा फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्या मुख्य नोंदीत, लिहिलेला असतो. आता असे समजू की कोणी जुन्या साधनाने तक्ता पुन्हा केला आणि त्याने शेवट सिलिंडरच्या सीमेवर आणून ठेवला. डिस्कवर पूर्ण सिलिंडर ६०,८०१ बसतात आणि शेवटचे ५,१०३ सेक्टर उरतात, त्यामुळे पार्टिशन ९७,६७,६८,०६४ व्या सेक्टरवर संपते. ई२एफएससीके हे तपासणी साधन चालवले असता ते सांगते की सुपरब्लॉकनुसार फाइल सिस्टिम १२,२०,९६,३९० ब्लॉकांची आहे, परंतु उपकरण १२,२०,९५,७५२ ब्लॉकांचेच आहे, तेव्हा सुपरब्लॉक किंवा पार्टिशनचा तक्ता यांपैकी काहीतरी बिघडलेले असावे; आणि काम थांबवू का असे विचारते. येथे ‘हो’ म्हणावे. फाइल सिस्टिम निरोगी आहे, तिच्या शेवटचे ६३८ ब्लॉक तक्त्याने कुंपणाबाहेर टाकले आहेत इतकेच, आणि एफडिस्क या पार्टिशनच्या साधनाने तेच पार्टिशन त्याच आरंभापासून परंतु ९७,६७,७३,१६७ पर्यंत पुन्हा लिहिले की तक्रार नाहीशी होते. एफडिस्क पार्टिशन पुसून पुन्हा करताना केवळ तक्ता बदलते, आतील मजकुराला हात लावत नाही. नवीन पार्टिशनमध्ये जुन्या फाइल सिस्टिमची सही आढळली, ती काढू का, असे त्याने विचारल्यास मात्र ‘नाही’ म्हणावे. याउलट तपासणी साधनाला ‘चालू ठेव’ असे सांगणाऱ्याच्या हातून ते साधन त्या ६३८ ब्लॉकांतील फाइली बिघडलेल्या समजून तोडून टाकण्याचा धोका असतो.

आरंभ कोठे होता हेच माहीत नसेल तर खूण हुडकावी. एक्स्ट कुळातील फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक पार्टिशनच्या आरंभापासून १०२४ बाइट सोडून, म्हणजे दोन सेक्टर पुढे असतो आणि त्याच्या ५६ व्या बाइटापासून ५३ व ईएफ हे दोन षोडशमान बाइट लिहिलेले असतात. ही खूण असलेला सेक्टर २०५० क्रमांकाचा निघाला तर आरंभ २०४८ होय, ६५ क्रमांकाचा निघाला तर ६३. पहिला सुपरब्लॉक पुसला गेला असला तरी त्याच्या प्रती ३२,७६८, ९८,३०४, १,६३,८४० अशा ब्लॉकांवर असतात. या प्रती ब्लॉकच्या तोंडाशीच सुरू होत असल्याने पहिली प्रत आरंभापासून २,६२,१४४ सेक्टरांवर येते, आणि ती २,६४,१९२ व्या सेक्टरवर सापडली तर वजाबाकी पुन्हा २०४८ च देते. दोन स्वतंत्र खुणांवरून एकच आरंभ निघाला की तक्ता लिहायला हरकत नाही. त्यानंतर मुख्य सुपरब्लॉक खराबच असेल तर ई२एफएससीकेला प्रतीचा ब्लॉक क्रमांक देऊन ती फाइल सिस्टिम सावरता येते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमच्या बाबतीत बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर असते, त्यामुळे तेथे शेवट सापडला तरी काम होते.

पाच किंवा त्यापुढील क्रमांकाची पार्टिशनेच तेवढी गायब झाली असतील तर चार नोंदींची मर्यादा ओलांडण्यासाठी केलेल्या विस्तारित पार्टिशनमधील साखळी तुटलेली असते. त्यात प्रत्येक दुवा पुढच्याचा पत्ता सांगतो आणि एक तुटला की पुढचे सर्व दिसेनासे होतात. हे काम टेस्टडिस्कवर सोपवावे. हाताने साखळी जोडण्यात फायदा नाही.

जीपीटी, यूएसबीची पेटी आणि खोटी क्षमता

एमबीआरमधील सेक्टरक्रमांक ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांत तो सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडे जात नाही, म्हणून मोठ्या डिस्कवर आणि बहुतेक नव्या संगणकांवर जीपीटी हा तक्ता असतो. त्यात साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते, त्याच्या शुद्धतेची बेरीज सोबत लिहिलेली असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिली प्रत बिघडली तर जीडिस्क हे साधन शेवटच्या प्रतीवरून ती पुन्हा बांधते. लहान डिस्कची जशीच्या तशी नक्कल मोठ्या डिस्कवर केली की शेवटची प्रत अधांतरी, डिस्कच्या मध्येच राहते आणि लिनक्स तक्त्याचा आकार जुळत नसल्याची तक्रार करते. जीडिस्कच्या तज्ज्ञ यादीतील ई हा पर्याय ती प्रत डिस्कच्या टोकाला नेऊन ठेवतो. ही सुधारणा निर्धोक आहे.

सेक्टरच्या मापाचा घोळ अधिक फसवा असतो. सुमारे २०१० पासून पुष्कळ डिस्कच्या आत ४०९६ बाइटांचे सेक्टर असतात, परंतु त्यांपैकी बहुतेक बाहेरच्या जगाला ते ५१२ बाइटांचे असल्याचे सांगतात. काही यूएसबी पेट्या मात्र, जुन्या प्रणालींना २.२ टेराबाइटांपुढची डिस्क वापरता यावी म्हणून, माप ४०९६ सांगतात. अशा पेटीत विभागलेल्या डिस्कवर पहिले पार्टिशन २५६ व्या सेक्टरवर नोंदले जाते, जे एक मेबीबाइटावर येते. पेटी बिघडली म्हणून डिस्क काढून थेट साटा केबलला जोडली की तोच २५६ हा आकडा ५१२ ने गुणला जाऊन १२८ किबीबाइटांवर बोट ठेवतो, जेथे काहीच नसते, आणि तक्ता जीपीटीचा असेल तर तो मुळी दिसतच नाही. बाजारात ‘डिस्क गेली’ म्हणून परत आणल्या जाणाऱ्या बाह्य डिस्कमध्ये हा प्रकार आढळू शकतो. लॉससेटअप या आज्ञेला केवळ वाचनाचा पर्याय, ४०९६ हे सेक्टरचे माप आणि पार्टिशने शोधण्याचा पर्याय दिला असता डिस्क जुन्या चष्म्यातून पाहता येते आणि माहिती उतरवून घेता येते. आकडे आठने गुणून नवा तक्ता लिहिण्याचा मोह होतो, आणि एक्स्ट४साठी ते चालतेही, परंतु एनटीएफएस व फॅट या फाइल सिस्टिम सेक्टरचे माप आपल्या बूट सेक्टरमध्येही लिहून ठेवत असल्याने तेथे एवढ्याने भागत नाही. माहिती काढून घेऊन डिस्क नव्याने विभागणे हेच बरे.

मांडणीचा प्रश्न माहितीचा नसून वेगाचा आहे. जुनी साधने पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू करत. ६३ ला ८ ने भाग जात नसल्याने ४०९६ बाइटांच्या सेक्टरवर प्रत्येक ब्लॉक दोन भौतिक सेक्टरांवर पाय ठेवून बसतो आणि एक लिहिण्यासाठी दोन वाचून दोन लिहावे लागतात. एफडिस्क याबद्दल सूचना देते. डिस्क धीमी असली तरी माहिती सुरक्षित असते, तेव्हा पुढच्या सवडीच्या वेळी, बॅकअप घेऊन, ती २०४८ पासून विभागावी.

राहिली क्षमता. ५०० गिगाबाइटांची डिस्क ४६५ दिसते हा बिघाड नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि प्रणाली १०२४ च्या. परंतु एचडीपार्म या साधनाने विचारले असता ९७,६७,७३,१६८ ऐवजी ९७,६७,७१,०५५ सेक्टर उपलब्ध असल्याचे दिसले, तर डिस्कच्या शेवटचे २,११३ सेक्टर राखीव करून लपवलेले आहेत असे समजावे. काही मदरबोर्ड आपल्या बायोसची प्रत तेथे ठेवत असत. अशी डिस्क त्या बोर्डाला जोडल्यानंतर पार्टिशन डिस्कच्या बाहेर जात असल्याची तक्रार येते, आणि दोष तक्त्यात नसल्याने तक्ता छोटा करून ती मिटवू नये. याच्या उलटची फसवणूक स्वस्त पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत चालते : आत आठ गिगाबाइट असताना चौसष्ट असल्याचे सांगणारी ही उपकरणे आठ भरेपर्यंत नीट वागतात आणि मग जुन्या फाइलींवर नव्या लिहू लागतात. एफ३ नावाचे मुक्त साधन उपकरण पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरी क्षमता सांगते, आणि आठवडी बाजारातून किंवा मोबाइलच्या टपरीवरून घेतलेले कार्ड वापरण्यापूर्वी त्यावर एकदा चालवणे शहाणपणाचे आहे.

तक्ता दुरुस्त झाल्यावरही संगणक आणीबाणीच्या पडद्यावर थांबत असेल तर एफएसटॅब ही फाइल पाहावी. तिच्यात पार्टिशनची ओळख यूयूआयडी या लांब क्रमांकाने लिहिलेली असते आणि फाइल सिस्टिम नव्याने केली असल्यास तो बदललेला असतो. ब्लॉकआयडी ही आज्ञा खरा क्रमांक सांगते. दुय्यम डिस्कच्या ओळीत नोफेल हा शब्द घातला की ती डिस्क नसली तरी संगणक सुरू होणे अडत नाही.

एवढी सर्व खटपट टाळणारी एक सोय मात्र उपलब्ध असून फारसे कोणी ती वापरत नाही. एसएफडिस्कला डंप हा पर्याय दिला असता संपूर्ण तक्ता, एमबीआर असो की जीपीटी, काही ओळींच्या साध्या मजकुराच्या फाइलीत उतरतो, आणि तीच फाइल त्याच साधनाला परत दिली की तक्ता होता तसा लिहिला जातो. ही फाइल त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. ती पेनड्राइव्हवर ठेवावी किंवा छापून संगणकाच्या बिलासोबत लावून ठेवावी, आणि पार्टिशनमध्ये बदल केला की नव्याने काढावी. ज्यांची डिस्क आज व्यवस्थित चालत आहे त्यांनी हे काम आजच उरकून घ्यावे. त्याला एक मिनिटही लागत नाही.